‘फलन’ झालं म्हणजे गर्भ राहिला का?

प्रश्न असा आहे: आरोग्यविषयक एका पुस्तिकेचं मराठी तपासताना ‘फलन’, ‘निषेचन’, ‘गर्भधारणा’ आणि ‘गर्भ राहणे’ हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले दिसले. हे समानार्थी आहेत का? आणि ‘गर्भ राहणे’ छापावं, की ते बोलण्यापुरतंच ठीक?

सगळे समानार्थी नाहीत. आणि ‘गर्भ राहणे’ जरूर छापावं. माझ्या मते या चारांत तोच सगळ्यांत चोख आहे.

‘फलन’ हे एका घटनेचं नाव. अंडाशयातून सुटलेलं स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास तग धरतं. तेवढ्यात गर्भनलिकेच्या रुंद भागात शुक्राणू त्याच्यापाशी पोचला आणि आत शिरला, की बीजाचं कवच बदलतं आणि बाकीच्या शुक्राणूंना वाट बंद होते. मग दोघांकडची २३-२३ गुणसूत्रं एकत्र येतात. इथे फलन संपलं.

‘निषेचन’ही याच घटनेला म्हणतात. तो हिंदी पुस्तकांत रुळलेला आहे. त्यातला ‘सिच्’ धातू म्हणजे शिंपणे. ‘सिंचन’ त्यातूनच आला. मला हा शब्द खटकतो, कारण त्यात सगळी क्रिया शिंपणाऱ्याची आणि स्त्रीबीज नुसतं भिजणारं. प्रत्यक्षात तर दार लावून घेणारं तेच आहे! मराठी पाठ्यपुस्तकांतला ‘फलन’ कुणाचीच बाजू घेत नाही, म्हणून तोच ठेवावा.

आता पुढचे दिवस बघा. फलित बीजाचे दोन, चार, आठ असे भाग होत जातात, पण आकार काही वाढत नाही. सगळा पसारा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच. तो नलिकेतून हळूहळू गर्भाशयात उतरतो. साधारण सहाव्या दिवसापर्यंत तो आईच्या शरीराला कुठेही चिकटलेला नसतो. मग कवचातून बाहेर पडून तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. याला ‘रोपण’ म्हणतात. रुजल्यावरच एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं आणि पुढे लघवीच्या चाचणीवर दुसरी रेघ उमटते. बरीच फलित बीजं मात्र रुजतच नाहीत. पाळी येते आणि काही घडून गेलं हे कळतही नाही.

म्हणजे फलन झालं, पण गर्भ राहिला नाही, हे वाक्य अगदी बरोबर आहे. जगातली पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ लुईझ ब्राऊन १९७८ मध्ये जन्मली, तिच्या बाबतीत फलन आईच्या शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात झालं होतं. त्या क्षणी आई गरोदर झाली असं कोण म्हणेल?

‘धारणा’ ‘धृ’ धातूची: धरून ठेवणे. ‘तिने गर्भ धारण केला’ यात कर्ती ती. ‘तिला गर्भ राहिला’ यात मात्र कर्ता गर्भ आहे आणि ती ‘तिला’ आहे, जशी ‘तिला भूक लागली’मध्ये असते. कुणी मनात आणून बीज रुजवू शकत नाही, हे या साध्या वाक्यरचनेत आपसूक आलंय. आणि ‘राहणे’ म्हणजे टिकणे, मुक्काम करणे. चुकीच्या जागी रुजलं तरी आपण ‘नळीत गर्भ राहिला’ असंच म्हणतो. क्रियापद तेच, कारण घडलंय तेच, फक्त जागा घातक.

जाता जाता ‘दिवस गेले’बद्दल. पाळीची तारीख उलटून दिवस गेले, असा मी त्याचा अर्थ लावते. डॉक्टरही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासूनच २८० दिवस मोजतात, म्हणजे फलनाच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून. ‘चौथा आठवडा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा आतला जीव जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. पुस्तिकेत ही मोजणी एकदा सांगून टाका, वाचणारीचा गोंधळ टळेल.

‘फलन म्हणजेच गर्भधारणा’ हे वाक्य मी असं करेन: ‘फलन गर्भनलिकेत होतं, फलित बीज गर्भाशयात रुजलं, की गर्भ राहतो.’