लव्हाळा आणि हरळी औषध न मारता कशी घालवायची?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात घरामागच्या बागेत लव्हाळा आणि हरळी माजलीय, लहान मुलं असल्यामुळं तणनाशक नको, आणि दर पंधरवड्याला उपटूनही तण हटत नाही. आमच्या परसातही हीच जोडी होती. हरळी गेली. लव्हाळा अधूनमधून डोकावतो, पण वाफा धरत नाही.

आधी लव्हाळ्याचं बघू. उपटल्यावर हातात येते ती नुसती पात. काळी गाठ खालीच राहते, आणि बारीक मुळीनं पुढच्या गाठींना जोडलेली असते. पात तुटली की गाठीचा दुसरा डोळा फुटतो. म्हणून त्या गाठींना उपाशी मारायचं. नवी पात आधी गाठीतल्या साठ्यावर वाढते, मग उन्हावर तो साठा परत भरते आणि काही आठवड्यांत नव्या गाठी धरते. त्याआधीच खुरपं इंचभर मातीत घालून ती कापायची. तुमचा पंधरवडा योग्यच आहे, तो मोडू मात्र देऊ नका. आपल्याकडं जुलैत झड लागली की भांगलायला कोण उतरत नाही, आणि तेवढ्यात लव्हाळा सगळं वसूल करतो.

दुसरं हत्यार सावली. लव्हाळ्याला ती अजिबात सोसत नाही. मोकळ्या वाफ्यात पावसाच्या सुरुवातीला रताळ्याचे वेल टोचा किंवा चवळी दाट पेरा. जमीन झाकेपर्यंत भांगलण चालू ठेवली, की पुढचं काम वेल करतात. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त उपाय, वर रताळी मिळतात ती वेगळीच.

हरळीच्या काडीचं प्रत्येक पेर फुटतं. त्यामुळं ओल्या मातीत पॉवर वीडर फिरवला तर एकाची शंभर रोपं होतात. एप्रिलमध्ये त्या जागेचं पाणी तोडा, कुदळीनं वीतभर खणून ढेकळं उलटी टाका आणि कडक उन्हात वाळू द्या. लव्हाळ्याच्या वर आलेल्या गाठीही यात सुकून मरतात. वळवाच्या आधी काड्या वेचून काढा, खतखड्ड्यात टाकू नका. (गणपतीसाठी दुर्वा हव्यात तर एका कुंडीत ठेवा, जमिनीत नको.)

बियांपासून येणाऱ्या तणांना ओला पुठ्ठा आणि त्यावर उसाच्या पाल्याचा वीतभर थर पुरतो. तोडीच्या हंगामात शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पाला पेटवून मोकळे होतात. लव्हाळा मात्र पुठ्ठाच काय, पातळ प्लास्टिकही टोचून वर येतो.

मीठ-व्हिनेगरचे व्हिडिओ बघून भुलू नका. घरचं व्हिनेगर फक्त पानं करपवतं, गाठ जिवंत राहते. आणि मिठानं माती बिघडते. शिरोळकडच्या क्षारपड जमिनी बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. फरशीच्या फटीत उकळतं पाणी ओता, तेवढं चालतं.

एवढं करूनही तण नव्यानं दिसलं, तर ते बाहेरूनही येत असेल. विकतची गाळाची माती, अर्धकच्चं शेणखत आणि नर्सरीतली पिशवी या तिन्हींवर लक्ष ठेवा. रोप लावताना मातीचा गोळा हलक्या हातानं मोकळा करून बघा. काळी गाठ सापडली तर मुळं धुऊन मगच रोप जमिनीत लावा.