शॉक वेव्ह आणि धातू: इंदुरातून सुरुवात करणाऱ्याला पत्र

अनेक आशीर्वाद.

जोराच्या धक्क्याखाली आणि प्रचंड दाबाखाली धातू कसे वागतात हे शिकायचं आहे, पण इंदुरात राहून सुरुवात कुठून करावी, असं तू विचारलं आहेस. पुस्तकांची नावं तुझे सर सांगतील. प्रयोगाच्या टेबलाशी उभं राहिल्यावर ज्या गोष्टी अडवतात, त्या मी लिहितो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसव. या प्रयोगांत बहुतेक वेळा दाब थेट मोजलाच जात नाही. मोजला जातो तो नमुन्याच्या मागच्या पृष्ठभागाचा वेग, नॅनोसेकंदांच्या हिशेबानं. दाब, ताकद, फेज (अणूंची रचना) बदलला की नाही, हे सगळं त्या वेगावरून काढलेलं असतं. मँगॅनिन या मिश्रधातूचा दाबमापक गेज लावला तरी हाती येतो तो विद्युतरोधातला बदल, आणि त्याचा दाब करायला कॅलिब्रेशन लागतंच. म्हणून कुठलाही आकडा समोर आला की तो कुठल्या गृहीतकांवर उभा आहे हे विचारायची सवय आत्तापासून लाव.

आता वही काढ. तांब्याची 2 मिमी जाडीची चकती, म्हणजे फ्लायर, गॅस गनमधून, म्हणजे दाबलेल्या वायूवर चालणाऱ्या तोफेतून, 500 मीटर प्रतिसेकंद वेगानं सुटते आणि तांब्याच्याच 4 मिमी जाड टार्गेटवर आदळते. दोन्हीकडे धातू एकच, त्यामुळे धडकेनंतर कणांचा वेग बरोबर निम्मा, 0.25 किमी/से. तांब्यासाठी शॉकचा वेग 3.94 अधिक 1.489 गुणिले कणवेग, म्हणजे 4.31 किमी/से. त्याला घनतेनं (8.93) आणि कणवेगानं गुणलं की 9.6 गिगापास्कल मिळतात, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 95 हजार पट. एवढं गणित न बघता करता आलं पाहिजे.

इथेच बहुतेकांचा एक घोटाळा होतो. शॉकनंतरचे दाब आणि आकारमान दाखवणारा ह्युगोनिओचा वक्र पाहून वाटतं, की धातू शून्यापासून त्या वक्रावरून चढत चढत वर गेला. तसं होत नाही. वक्रावरचा प्रत्येक बिंदू वेगळ्या धडकेतून आलेली अंतिम अवस्था दाखवतो. एका धडकेत धातू सुरुवातीच्या आणि अंतिम अवस्थेला जोडणाऱ्या सरळ रेषेवरून, रॅले रेषेवरून, जातो. ती रेषा आणि दाब उतरतानाचा वक्र यांच्यामधलं क्षेत्रफळ ही धातूत मागे उरलेली उष्णता. डायमंड अॅन्व्हिल सेलमध्ये, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, सावकाश दाबलेला तांब्याचा तुकडा आणि तेवढ्याच दाबाला शॉकनं नेलेला तुकडा यांचं तापमान सारखं नसतं ते यामुळे. दोन्हींची तुलना करताना आधी तापमानाचा हिशेब मांड.

मग अंतर-काळाचा आलेख काढ, हातानं, आलेखाच्या कागदावर. वरच्याच उदाहरणात धडकेनंतर शॉक दोन्ही दिशांना निघतो. फ्लायरच्या मागच्या बाजूला तो 0.46 मायक्रोसेकंदात पोहोचतो आणि तिथून दाब उतरवणारी लहर परत फिरते. टार्गेटच्या मागच्या बाजूला शॉक 0.93 मायक्रोसेकंदात पोहोचतो आणि तिथूनही तशीच लहर परतते. या दोन लहरी टार्गेटच्या आत भेटतात, मागच्या पृष्ठापासून जवळपास 2 मिमीवर, आणि तिथे धातू ताणला जातो. ताण पुरेसा असेल तर आत पोकळ्या तयार होऊन थर सुटतो. यालाच स्पॉल म्हणतात. फ्लायर टार्गेटच्या निम्म्या जाडीचा का घेतात, हे सांगून समजत नाही. आलेखावर त्या दोन रेषा एकमेकींना छेदताना दिसल्या की आपोआप कळतं. कडांकडून आत येणाऱ्या लहरीही विसरू नकोस. ढोबळ हिशेब 45 अंशांचा: 40 मिमी व्यासाच्या टार्गेटवर शॉक मागे पोहोचेपर्यंत मधला 32 मिमी भाग अबाधित राहतो. वेगाचा मोजबिंदू मध्यावर ठेवायचा तो याचसाठी.

नमुना बनवणं हे कंटाळवाणं काम वाटतं, पण निम्मे प्रयोग तिथेच फसतात. सांवेर रोडवरच्या चांगल्या कारखान्यातल्या सरफेस ग्राइंडरवर चकत्या समांतर करून मिळतील, मात्र ग्राइंडिंगनं पृष्ठभागाजवळचा थर कडक होतो. त्यानंतर लॅपिंग करून, म्हणजे बारीक पूड घालून घासून, तो थर काढावा लागतो आणि दोन्ही बाजूंचा समांतरपणा काही मायक्रॉनपर्यंत आणावा लागतो. तांबं असेल तर शेवटी निर्वातात तापवून अॅनील कर आणि त्यानंतर सपाटपणा पुन्हा तपास, कारण पातळ चकती भट्टीत वाकते. मटेरियल घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागून घे आणि पट्टी कुठल्या दिशेनं रोल झाली आहे त्याची खूण चकतीवर कर. झिर्कोनियमसारख्या षट्कोनी रचनेच्या धातूत ती दिशा माहीत नसली तर निकालांचा अर्थच लावता येत नाही.

तिरपेपणाचं गणितही करून बघ. फ्लायर आणि टार्गेट यांच्यात 1 मिलिरेडियनचा कोन राहिला, तर 40 मिमी रुंदीवर 40 मायक्रॉनचा फरक पडतो. 500 मी/से वेगानं ते अंतर भरून निघायला 80 नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एक कड धडकल्यावर दुसरी कड 80 नॅनोसेकंदांनी धडकते, आणि शॉकचा चढ काही नॅनोसेकंदांचा आहे की नाही हा प्रश्नच बाद होतो. टार्गेट बसवताना टार्गेट आणि नळीचं तोंड आरसा आणि लेझर वापरून जुळवतात. या कामाला अर्धा दिवस गेला तरी जाऊ दे. नळीतली आणि चेंबरमधली हवा काढून घ्यायलाही विसरू नकोस. हवा राहिली तर ती फ्लायरच्या पुढे दबून तापते आणि धडकेच्या आधीच टार्गेटला ढकलते. गनमध्ये दाब भरल्यावर चेंबरजवळ कोणीही जायचं नाही आणि इंटरलॉकची किल्ली एकाच माणसाच्या खिशात राहील, यात सवलत नाही.

वेग मोजायला हल्ली बहुतेक ठिकाणी फोटॉनिक डॉप्लर व्हेलोसिमेट्री वापरतात: हलत्या पृष्ठभागावरून परतलेला लेझर प्रकाश मूळ प्रकाशात मिसळला की ठोके (बीट्स) मिळतात. लेझर 1550 नॅनोमीटरचा, दूरसंचाराच्या फायबरचेच भाग, त्यामुळे तुलनेनं स्वस्त. ठोक्यांची वारंवारिता म्हणजे वेगाची दुप्पट भागिले तरंगलांबी. 500 मी/सेला 645 मेगाहर्ट्झ येतात, ऑसिलोस्कोपला काही अडचण नाही. अडचण कमी वेगाला येते. समज, 6061-टी6 अॅल्युमिनियममध्ये पुढे धावणारी स्थितिस्थापक लहर पृष्ठभागाला सुमारे 60 मी/से वेग देते. त्याची वारंवारिता फक्त 77 मेगाहर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन 13 नॅनोसेकंदांचं. 4 मिमी जाडीत ही लहर आणि तिच्या मागून येणारा, धातूचा आकार कायमचा बदलणारा प्लास्टिक शॉक यांच्यातलं अंतर साधारण 95 नॅनोसेकंद. त्या वेळात जेमतेम 7 आवर्तनं बसतात, चढाचा आकार काय दिसणार? उपाय असा: संदर्भासाठी थोड्या वेगळ्या तरंगलांबीचा दुसरा लेझर घ्यायचा, म्हणजे शून्य वेगालाही 2 गिगाहर्ट्झचे ठोके मिळतात आणि आवर्तन अर्ध्या नॅनोसेकंदावर येतं. हे आधी ठरवलं नाही तर शॉट गेला, आणि त्याच नमुन्यावर दुसरा शॉट घेता येत नाही.

त्या 60 मी/सेवरून ताकद काढताना घनता गुणिले स्थितिस्थापक लहरीचा वेग (6.4 किमी/से) गुणिले पृष्ठवेग, आणि त्याचं निम्मं: 0.52 गिगापास्कल. ही ह्युगोनिओ स्थितिस्थापक मर्यादा. ही साध्या ताण-चाचणीतली यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) समजायची नाही. इथे धातूला बाजूंना पसरायला जागा नसते, म्हणून पॉइसन गुणोत्तर घालून बदल करावा लागतो. अॅल्युमिनियमचं 0.33 घेतलं की 0.26 गिगापास्कल उरतात. स्पॉलची ताकदही अशीच काढतात. तांब्यात पृष्ठवेग शिखरावरून 75 मी/से खाली आला तर निम्मं गुणिले 8.93 गुणिले 3.94 गुणिले 0.075, म्हणजे 1.3 गिगापास्कल. हा आकडा ताण किती झपाट्यानं वाढला यावर आणि दाण्यांच्या आकारावर बदलतो. म्हणून तो एकटा कधी लिहू नकोस, सोबत दोन्ही गोष्टी द्यायच्या.

लोखंड हा धडा वेगळा वाच. 1956 मध्ये बँक्रॉफ्ट, पीटरसन आणि मिन्शॉल यांना लोखंडात एकाऐवजी तीन लहरी दिसल्या आणि 13 गिगापास्कलला रचना बदलते असा निष्कर्ष त्यांनी काढला. क्ष-किरणांनी नवी रचना षट्कोनी असल्याचं पुढच्या दशकात स्थिर दाबाखाली दिसलं. नुसत्या वेगाच्या नोंदीवरून केवढं सांगता येतं, आणि अणू कसे रचले आहेत हे सांगायला क्ष-किरणच का लागतात, हे दोन्ही त्यातून कळतं. झिर्कोनियम आणि टायटॅनियममधल्या ओमेगा फेजवर, म्हणजे दाबाखाली होणाऱ्या वेगळ्या रचनेवर, तर आपल्याकडे ट्रॉम्ब्यात भाभा अणुसंशोधन केंद्रात सिक्का, व्होरा आणि चिदंबरम यांनी पायाभूत काम केलं आहे. तेही शोधून वाच.

इंदूर या कामाला चांगलं आहे. कॅट, म्हणजे आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, तुझ्या घराजवळच आहे, आणि तिथल्या इंडस-2 या 2.5 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर अतिदाबाखालच्या क्ष-किरण विवर्तनासाठी वेगळी बीमलाइन (क्ष-किरण प्रयोगापर्यंत आणणारी वाट) आहे. गॅस गनचं काम करायचं तर ट्रॉम्बे किंवा चंदीगडची टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी. पण आधी कॉलेजातच दोन गोष्टी कर: मेटॅलोग्राफी आणि प्रोग्रॅमिंग. शॉक दिलेला तुकडा कापून, पॉलिश करून, आम्लानं एच करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना पोकळी कुठली आणि कापताना उपटलेला कण कुठला हे ओळखता आलं पाहिजे. तुकडा पकडण्याच्या पेटीत तो दुसऱ्यांदा आदळलेला असेल, तर दिसणाऱ्या खुणा कुठल्या धक्क्याच्या हेही ठरवता येत नाही. म्हणून तुकडा मऊ पडेल अशी सोय शॉटच्या आधीच करावी लागते.

प्रोग्रॅमिंगसाठी पायथनमध्ये शॉकचं गणित सोडवणारा एकमितीय कोड लिही, धातूची जाडी छोट्या घरांत वाटून. फ्लायरला 200 आणि टार्गेटला 400 घरं पुरेत. फॉन नॉयमान आणि रिक्टमायर यांची 1950 ची कृत्रिम श्यानता (शॉकची तीव्र उडी गणितात सावरणारं पद) घाल. तिनं शॉक चार-पाच घरांत पसरतो, म्हणून कोडमधल्या चढाच्या वेळेला काहीही अर्थ द्यायचा नाही. आधी वरचंच तांब्याचं उदाहरण चालव. दाब 9.6 च्या आसपास आला नाही, किंवा मागच्या पृष्ठाचा वेग 500 मी/सेला पोहोचला नाही, तर धातूचं मॉडेल बदलत बसू नकोस, सीमेवरची अट तपास. जुळलं की घरं दुप्पट करून पुन्हा चालव आणि दोन्ही आलेख मला पाठव. अक्षांवर एककं लिहिलेली असू देत.