वाचकांचे प्रश्न : मूठ आवळली की सज्ज, सोडली की थंड

प्रश्न (खानापूर) : मी निवृत्त हवालदार. लष्करातल्या आमच्या ९ मिमी पिस्तुलाला डावीकडे अंगठ्याचा सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका) होता. जर्मन पी-७ पिस्तुलाला तसा सेफ्टीच नाही म्हणतात. मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात) गोळी असताना ते कमरेला लावायचं कसं?

उत्तर : निर्धास्त लावता येतं, आणि पी-७ चं खरं सौंदर्य तिथंच आहे. मुठीच्या पुढच्या बाजूला, बोटांखाली एक लांब कळ असते. ती आवळली की फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आदळणारी सुई) ताणली जाते; सोडली की ताण उतरतो आणि पिस्तूल पुन्हा निरुपद्रवी होतं. पहिल्यांदा आवळायला साधारण ७ किलोचा जोर लागतो, धरून ठेवायला मात्र अगदी थोडा. त्यामुळे ट्रिगर दरवेळी तसाच हलका आणि आखूड राहतो, पहिल्या गोळीलाही. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे अडकते. नवं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) घालून तीच कळ दाबली की स्लाइड पुढे येते. डावखुऱ्यालाही काही वेगळं शिकावं लागत नाही.

घात होतो तो एकाच ठिकाणी. बोट ट्रिगरवर दाबलेलं असताना मूठ आवळली, तर गोळी सुटते. तुमच्या हाताला अंगठ्याची सवय आहे, म्हणून रिकाम्या पिस्तुलावर क्रम घोटून घ्या : आधी मूठ, मग नेम, शेवटी बोट. तोवर बोट ट्रिगरगार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) बाहेर सरळ.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : अमेरिकेतल्या मेहुण्यानं जुनं पी-७ एम-८ (पी-७ चाच एक प्रकार) घेतलंय. तीन-चार मॅगझिननंतर ट्रिगरच्या वरचा भाग तापतो, आणि हल्ली स्लाइड जड चालते. बिघाड आहे का?

उत्तर : तापणं हा बिघाड नाही. चेंबरच्या लगेच पुढे नळीला बारीक छिद्र आहे. बारूद पेटताच थोडा वायू त्यातून नळीखालच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि स्लाइडला जोडलेल्या दट्ट्याला पुढे रेटतो. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत स्लाइड त्यामुळे रोखली जाते. नळी हलत नाही, म्हणून नेम इतका चोख. पण तो सिलिंडर बोटाच्या डोक्यावरच आहे! एम-८ मध्ये त्यासाठीच उष्णतारोधक तुकडा बसवलेला असतो. थोडं थांबून झाडावं, इतकंच.

स्लाइड जड चालणं म्हणजे सिलिंडरमध्ये काजळी. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहा. सांगाड्याच्या मागे डावीकडचं बटण दाबून स्लाइड थोडी मागे घ्या, मागची बाजू उचला आणि पुढे काढून घ्या. दट्ट्या स्लाइडसोबतच बाहेर येतो. पिस्तुलासोबत मिळणाऱ्या खरवडणीनं आणि ब्रशनं सिलिंडर साफ करून दट्ट्या पुसा. सिलिंडर कोरडा ठेवा. तेल जळून त्याचीच काजळी धरते. आवरण नसलेल्या शिशाच्या गोळ्या मात्र पूर्ण बंद. शिसं छिद्रात बसलं की वायूची अडवणूकच संपते आणि स्लाइड दणक्यात मागे येते.

झाडलेल्या पुंगळीवर उभ्या काळ्या रेघा दिसल्या तर घाबरू नका. चेंबरला उभ्या खाचा आहेत, पुंगळी सहज सुटावी म्हणून.

प्रश्न (निपाणी) : हे पिस्तूल इतकं महाग का? आणि आपल्याकडे परवाना मिळेल का?

उत्तर : परवाना नाही. ९ मिमी आपल्याकडे निषिद्ध बोरमध्ये (सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या मापात) येतं. सर्वसामान्य माणसाला पिस्तुलाचा परवाना मिळालाच, तर बहुधा ३२ बोरचा.

किंमत मात्र समजण्यासारखी आहे. हेक्लर अँड कोख या ओबर्नडॉर्फच्या कंपनीनं हे पश्चिम जर्मनीच्या पोलिसांसाठी बनवलं. १९७९ मध्ये ते पोलिसांनी स्वीकारलं. पोलादातून कातून काढलेले सुटे भाग, मुठीतली गुंतागुंतीची यंत्रणा आणि अवघी १७१ मिमी लांबी, त्यात १०५ मिमीची नळी. असं काम वेळ खातं. पुढे प्लास्टिकच्या सांगाड्याची स्वस्त पिस्तुलं आली, आणि २००८ च्या सुमारास पी-७ चं उत्पादन थांबलं. आज जे हिंडतंय ते सगळं जुनंच, म्हणून विकत घेणारा आधी मुठीची कळ आणि सिलिंडर तपासतो, मग भाव बोलतो.