बीएमडब्ल्यू झेड-फोर घेतोयस? आधी टपावर पाणी सोड

वाशीतली ती २०१० ची झेड-फोर बघायला चाललायस ना? सकाळी जा, इंजिन थंड असताना. रंग, किलोमीटर नंतर बघ. आधी टप तीन-चार वेळा उघडमिट कर. घडी होऊन मागे जाणारा कडक टप (हार्डटॉप) आहे, साधारण २० सेकंदांत काम व्हायला हवं. मध्ये अडखळला तर हायड्रॉलिकचा खर्च भावातून सरळ वजा कर. मग पाइपने वरून पाणी सोड आणि सीटमागचं कार्पेट दाबून बघ.

माझ्या गाडीत जुलैमध्ये कुबट वास यायला लागला होता. घोडबंदरचा पाऊस, त्यात सोसायटीतला गुलमोहर. पाणी निघून जायची भोकं पाकळ्या-पानांनी गच्च. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घालून मोकळी केली. तार घालू नकोस, नळी फाटते.

दिल्लीची गाडी असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरूनच बोलणी कर. रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतील तर स्टेपनी नसते, आणि आपल्या खड्ड्यांत टायरच्या बाजूच्या भिंतीला (साइडवॉलला) फुगा यायला वेळ लागत नाही.

पाम बीचवर टप उघडला की मला यातलं काही आठवत नाही. बायकोला आठवतं.