कॉन्फरन्स बदलली की जुन्या ट्रॉफ्यांचं काय होतं?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (अंड्यासारखा बॉल, हेल्मेटवाला, तो फुटबॉल) टीम्सनी कॉन्फरन्स बदलायचं जे सत्र चाललंय त्यावर यावेळी भरपूर प्रश्न आले, बरेचसे तिकडे शिकणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या आईबाबांचे. सगळे घेणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (पुणे) : मुलगी सिएटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये आहे. ती गेली तेव्हा त्यांची टीम पॅक-१२ मध्ये होती, आता म्हणते बिग टेनमध्ये. ही कॉन्फरन्स म्हणजे काय? आणि यांना खालच्या डिव्हिजनला ढकललं का?

नाही हो, ढकललं वगैरे काही नाही, स्वतःच्या पायांनी गेले. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपापसात खेळायचं ठरवलेल्या कॉलेजांचा गट, त्यात हरलात म्हणून खाली आणि जिंकलात म्हणून वर असं काही नसतं. आत घ्यायचं की नाही हे आधीचे मेंबर ठरवतात. पूर्वी हे गट भूगोलावर बनायचे, शेजारच्या राज्यातलं कॉलेज, एका दिवसाच्या प्रवासावर. मग १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की टीव्हीवर मॅच दाखवायचे हक्क एनसीएएनं (कॉलेजांच्या खेळांची मुख्य संघटना) एकटीनं दाबून ठेवायचे नाहीत, आणि तिथून पुढे कॉन्फरन्सेस आपापले हक्क विकायला लागल्या. ज्याच्याकडे मोठी नावं त्याला मोठं काँट्रॅक्ट, एवढं सोपं आहे ते.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोघांनी बिग टेनला जाणार म्हणून जाहीर केलं, ऑगस्ट २०२३ मध्ये वॉशिंग्टन आणि ओरेगन त्यांच्या मागे गेले, आणि १९१५ पासूनची पॅक-१२ कॉन्फरन्स काही आठवड्यांत जवळजवळ रिकामी झाली. बिग टेनमध्ये आता १८ टीम्स आहेत, बिग १२ मध्ये १६, आणि पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड खेळतं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एसीसी). नावांवर जाऊ नका.

प्रश्न (लिंकन, नेब्रास्का) : सर, मी इथे मास्टर्स करतोय. स्टेडियम दर मॅचला फुल्ल असतं पण शेजारी बसणारे आजोबा सारखे जुन्या दिवसांबद्दलच बोलतात. २०११ मध्ये बिग टेनमध्ये आल्यामुळे नेब्रास्काचा इतिहास पुसला गेला असं त्यांचं म्हणणं. खरंच तसं आहे का?

पुसला नाही गेला रे. पण आजोबा म्हणतायत त्यात तथ्य आहे, फक्त तारीख चुकतेय त्यांची.

आधी कागदोपत्री बघू. नेब्रास्काची पाच नॅशनल टायटल्स आहेत, १९७०, १९७१, १९९४, १९९५, १९९७, आणि ती कॉलेजची आहेत, कुठल्या कॉन्फरन्सची नाहीत, त्यामुळे उद्या नेब्रास्का चंद्रावर जाऊन खेळली तरी ती पाचच राहणार. कॉन्फरन्सची टायटल्सही कॉलेजच्या यादीत राहतात, पण नवीन घरात त्यांचा काही उपयोग नसतो. बिग टेनच्या टायटल्सच्या तक्त्यात नेब्रास्कासमोर शून्य आहे. बिग एट या आपल्या जुन्या कॉन्फरन्समध्ये दादागिरी केली होती वगैरे तिथे कोण विचारतंय, आणि बिग एटच उरली नाही म्हटल्यावर त्या टायटल्सची आठवण काढणारं ऑफिससुद्धा नाही.

आता खरा मुद्दा. २५ नोव्हेंबर १९७१, थँक्सगिव्हिंगचा दिवस, ओक्लाहोमातलं नॉर्मन, नंबर एक नेब्रास्का विरुद्ध नंबर दोन ओक्लाहोमा, नेब्रास्का ३५-३१ नी जिंकली. शतकातली मॅच म्हणतात तिला. ही मॅच एवढी मोठी का झाली, तर त्या दोघांची दरवर्षी गाठ पडायची आणि बहुतेक वेळा बिग एटचं टायटल त्याच मॅचवर ठरायचं. म्हणजे मॅचचं वजन त्या एका दिवसाचं नव्हतं, मागच्या-पुढच्या सगळ्या वर्षांचं होतं. ती साखळी तुटली की १९७१ चा स्कोअर रेकॉर्डमध्ये असतोच, पण दरवर्षी नोव्हेंबरात तो उकरून काढायला निमित्त राहत नाही. माझ्या मते कॉन्फरन्स बदलल्यावर वारशातलं जातं ते हेच, ट्रॉफी जात नाही, तिची आठवण ठेवणारा समोरचा जातो.

पण ही साखळी तुटली १९९६ मध्ये, २०११ मध्ये नाही! बिग एटचे आठ आणि टेक्सासमधले चार मिळून बिग १२ झाली, तिचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग पाडले, नेब्रास्का उत्तरेत आणि ओक्लाहोमा दक्षिणेत, त्यामुळे दोन वर्षं मॅच व्हायची आणि पुढची दोन वर्षं नाही. हे सगळ्यांनी सह्या करून मान्य केलेलं. नेब्रास्काचं शेवटचं कॉन्फरन्स टायटल १९९९ चं आहे, म्हणजे ते सुद्धा बिग टेनमध्ये जायच्या बरंच आधीच आटलं होतं. नेब्रास्काचे कोच टॉम ऑस्बर्न १९९७ च्या सीझननंतर कोचिंगमधून बाहेर पडले, २००३ मध्ये नऊ मॅच जिंकलेल्या फ्रँक सोलिचना, म्हणजे त्यांच्या नंतरच्या कोचना, काढून टाकलं, हे सगळं घरातलंच. गंमत म्हणजे २०१० मध्ये बिग टेनला जायचं ठरलं तेव्हा अॅथलेटिक डायरेक्टर कोण होते? ऑस्बर्नच. ज्या माणसानं २५ सीझन ती परंपरा चालवली त्यालाच बाहेर पडणं शहाणपणाचं वाटलं, कारण तेव्हा बिग १२ राहते की फुटते याचीच खात्री नव्हती. त्यामुळे पैशाच्या मागे लागून परंपरा विकली असं एका वाक्यात उरकू नये कुणी.

२०२१ मध्ये त्या मॅचला ५० वर्षं झाली म्हणून दोघं पुन्हा नॉर्मनलाच खेळले, ओक्लाहोमा २३-१६. पुढच्या वर्षी तुमच्या लिंकनमध्ये ४९-१४. आजोबांना या दुसऱ्या मॅचबद्दल विचारू नकोस. आणि हो, १९६२ पासूनची हाऊसफुल्लची साखळी मात्र कुठल्याही कॉन्फरन्सनी तोडलेली नाही.

प्रश्न (इंदूर) : आमच्या होळकर संघानं चार वेळा रणजी जिंकली. मध्य प्रदेश २०२२ मध्ये मुंबईला हरवून जिंकला तेव्हा सगळीकडे 'पहिल्यांदाच' असं छापून आलं. अमेरिकेत पण असंच करतात का?

फार चांगला प्रश्न, आणि दुखणं कळतंय. सी. के. नायडूंची टीम, १९४५-४६ ते १९५२-५३ मध्ये चार टायटल्स, आणि १९५५ मध्ये टीमच बरखास्त, मग ती टायटल्स कुणाच्या नावावर धरायची? अमेरिकेत उलटं असतं. तिथे टीम म्हणजे युनिव्हर्सिटी, ती जागेवर असते आणि लीग मरते, त्यामुळे टीमची टायटल्स अनाथ होत नाहीत, अनाथ होते ती लीग. साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये बंद झाली तेव्हा टेक्सासच्याच चार कॉलेजांना बिग १२ मध्ये घेतलं आणि टीसीयू, एसएमयू, राइस, ह्यूस्टन यांना नाही घेतलं. टीसीयू १९३८ ची नॅशनल चॅम्पियन, त्याच वर्षी तिच्या डेव्ही ओब्रायनला हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सगळ्यात भारी खेळाडूला देतात ती), आणि ही टीम वॅक, कॉन्फरन्स यूएसए, माउंटन वेस्ट अशा छोट्या कॉन्फरन्सेसमध्ये दारोदार फिरत २०१२ मध्ये एकदाची बिग १२ मध्ये शिरली. १९३८ कुणी काढून घेतलं नाही तिच्याकडून. फक्त मधली सोळा वर्षं ते सांगितलं की लोक म्हणायचे, बरं, पण आता कुठे खेळता?

तुमच्या होळकरांच्या जवळ जाणारी केस पॅक-१२ ची आहे. दहा गेले, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोघं राहिले, ते कोर्टात गेले आणि नाव, पैसे, कारभार सगळं त्यांच्या हातात आलं. म्हणजे यूएससीनं शंभर वर्षांत जिंकलेल्या टायटल्सचं दप्तर आता त्यांच्या कॉर्व्हॅलिस आणि पुलमन या दोन छोट्या गावांकडे. २०२६ पासून बॉयझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरे मंडळी आत यायचं ठरलंय, आणि ते सगळे त्याच नावाखाली खेळणार. पाटी तीच, बिऱ्हाड नवीन. आता बॉयझी जिंकली तर तिला यूएससीच्या यादीत पुढचा नंबर देणार का? कागदावर हो. मनातून कुणी देईल असं मला वाटत नाही.

प्रश्न (ह्यूस्टन) : इथे ऑफिसमध्ये निम्मे लाँगहॉर्न्स निम्मे एजीज. मधली काही वर्षं मॅच होत नव्हती म्हणे, तरी भांडण चालूच होतं. मॅच नसताना राय्व्हलरी टिकते कशी?

रागावर टिकते! टेक्सास (लाँगहॉर्न्स) आणि टेक्सास ए अँड एम (एजीज) १८९४ पासूनचे वैरी. ए अँड एम २०१२ मध्ये एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सला गेली, २०११ ची शेवटची मॅच टेक्सासनं अगदी शेवटच्या किकवर २७-२५ जिंकली, आणि नंतर बारा सीझन काहीच नाही. २०१३ मध्ये तर ही मॅच सक्तीची करा म्हणून टेक्सासच्या विधानसभेत बिल आलं होतं, पास नाही झालं ते. पण एजीजच्या गाण्यातच लाँगहॉर्न्सची शिंगं कापायची भाषा आहे आणि समोर एलएसयू असो नाहीतर अलाबामा, हे आपले शिंगंच कापतायत दर शनिवारी. समोरचा मैदानात नसतानाही तोंडात होता, म्हणून टिकली. २०२४ ला टेक्सास पण एसईसीत आली, ३० नोव्हेंबरला कॉलेज स्टेशनला मॅच झाली, टेक्सास १७-७.

ऑफिसमध्ये एजीजना चिडवायचं असेल तर अजून एक देतो. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या डिव्हिजनला एनसीएए स्वतः चॅम्पियन ठरवत नाही, वर्षानुवर्षं पोल्स आणि रँकिंगवाल्यांवर चालायचं, त्यामुळे जुनं कुठलं टायटल आपलं म्हणायचं हे कॉलेजच ठरवतं. ए अँड एमच्या भिंतीवर १९३९ होतंच. २०१२ मध्ये एसईसीत जाताना अचानक १९१९ आणि १९२७ पण झळकली. नवीन सोसायटीत जाताना माणूस पडदे नवे घेतो, यांनी इतिहास नवा घेतला. (खोटं नाही म्हणता येत, त्या वर्षांसाठी मागाहून त्यांना एक नंबर देणारे रँकिंगवाले आहेत. पण मग ८५ वर्षं का नाही सुचलं?)

प्रश्न (डोंबिवली) : कॉन्फरन्स सोडून पार संपलीच अशी कुठली मोठी टीम आहे का?

युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो. १८९६ मध्ये बिग टेन ज्यांनी सुरू केली त्यातली एक, सात टायटल्स, आणि १९३५ ला पहिली हाइझमन मिळालेला जे बरवँगर त्यांचाच. १९३९ नंतर युनिव्हर्सिटीनं टीमच बंद केली, फुटबॉल अभ्यासाच्या आड येतो म्हणून, आणि १९४६ मध्ये बिग टेनही सोडली. त्यांचं स्टॅग फील्ड स्टेडियम रिकामं पडलं, त्याच्या स्टँडखाली २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मींनी जगातली पहिली नियंत्रित अणु साखळी प्रक्रिया करून दाखवली. १९६९ पासून परत फुटबॉल आहे तिथे, पण छोट्या, स्कॉलरशिप नसलेल्या पातळीवरचा.

बिग टेनच्या तक्त्यात शिकागोचे सात अजून आहेत हं. १९९३ पासून खेळणाऱ्या पेन स्टेटचे चार. नेब्रास्काचे किती ते वर सांगितलंच.

प्रश्न (मुंबई) : सगळे रडतातच, कुणाचं भलं झालं की नाही?

झालं ना. ओरेगननं २०२४ मध्ये पहिल्याच वर्षी बिग टेन मारली, फायनलला पेन स्टेट ४५-३७. आणि एसएमयूचं तर बघाच, खेळाडूंना चोरून पैसे दिले म्हणून १९८७ ला एनसीएएनं त्यांचा अख्खा सीझन रद्द केला होता, त्यानंतर कित्येक वर्षं त्यांना कुणी विचारत नव्हतं. एसीसीत जायला मिळावं म्हणून त्यांनी नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला हिस्सा नको म्हणून सांगितलं, म्हणजे एवढी भूक, आणि पहिल्याच वर्षी फायनलला क्लेम्सनकडून ३४-३१ हरले तरी नॅशनल टायटलच्या प्लेऑफला गेले. १९८७ सोडून सांगण्यासारखं काहीतरी मिळालं त्यांना. तेव्हा बदल वाईटच असं माझं म्हणणं नाही. ज्याचा जुना इतिहास नकोसा आहे त्याला नवीन घर चांगलंच.

राहून गेलेल्यांचं मात्र तसं नाही. वॉशिंग्टन स्टेटनं २०२४ ला मोठ्या भावाला, म्हणजे पुण्याच्या ताईंच्या मुलीच्या वॉशिंग्टनला, अॅपल कप या दोघांच्या मॅचमध्ये २४-१९ हरवलं, पण ती मॅच नोव्हेंबरच्या शेवटी व्हायची ती आता सप्टेंबरमध्ये उरकून घेतात, कॉन्फरन्सच्या टेबलावर तिचा काही परिणाम नाही.

प्रश्न (डॅलस) : ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट परत कधी खेळणार?

सध्या तरी नाव नाही. ओक्लाहोमा एसईसीत, ओक्लाहोमा स्टेट बिग १२ मध्ये. एकूण हिशोबात ओक्लाहोमा इतकी पुढे आहे की विचारायची सोय नाही, पण नोव्हेंबर २०२३ ची शेवटची मॅच स्टिलवॉटरला ओक्लाहोमा स्टेटनं २७-२४ मारली, आणि त्यांना अजिबात घाई नाहीये.