एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या पीए६ पिनवर मला पीडब्ल्यूएम (ठरावीक प्रमाणात चालू-बंद होणारी लहर) काढायची आहे. पण डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) टायमरची रजिस्टरं, म्हणजे त्याच्या सेटिंगचे बिट ठेवायच्या जागा, का सापडत नाहीत? माझी फाइल अपुरी आहे का?

फाइल पूर्ण आहे, तुम्ही फक्त चुकीच्या पुस्तकात शोधताय. एटीमेगा३२८पी या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरवर शिकून एसटीएम३२एफ१०३ कडे आलो तेव्हा मीही असाच गोंधळलो होतो. एटीमेगाला पिनांच्या आकृतीपासून शेवटच्या बिटापर्यंत सगळं एकाच, ६०० हून जास्त पानांच्या डेटाशीटमध्ये मिळतं. इथे टायमरचं वर्णन चार ओळींत आटोपतं.

एसटी कंपनी टायमर एका चिपपुरता बनवत नाही. एफ१०१, १०२, १०३, १०५, १०७ या सगळ्यांत तीच रचना थोड्याफार फरकाने असते. म्हणून रजिस्टरं एकदाच लिहिली आहेत, आरएम०००८ या रेफरन्स मॅन्युअलमध्ये. त्याची पानं ११०० च्या वर आहेत. डेटाशीटमध्ये उरतं ते तुमच्या चिपपुरतं: फ्लॅश किती, कोणत्या पिनवर काय, कोणती पिन ५ व्होल्ट सोसते, करंट किती. चिपचा गाभा (प्रोसेसर) आर्म कंपनीचा कॉर्टेक्स-एम३, त्यामुळे सिस्टिक (गाभ्यातलाच टायमर) आणि असेंब्लीच्या सूचना आणखी एका पुस्तकात, पीएम००५६ मध्ये. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० या मायक्रोकंट्रोलरांना अशीच विभागणी आहे, चिपची डेटाशीट वेगळी आणि फॅमिली युजर गाइड वेगळं. उलट रास्पबेरी पायचा आरपी२०४० हा मायक्रोकंट्रोलर आला तेव्हा एकटाच होता, त्याचं सगळं एकाच ग्रंथात मावलं.

मॅन्युअल मिळालं म्हणून डेटाशीट बाजूला ठेवू नका. ब्लू पिल या एफ१०३ च्या स्वस्त बोर्डावरचा एलईडी पीसी१३ वर असतो. ही पिन ३ मिलिअँपिअरपर्यंतच करंट आत घेऊ शकते आणि तिच्यातून करंट बाहेर देऊन एलईडी पेटवायचा नाही, हे पिनांच्या तक्त्याखालच्या बारीक टिपेत लिहिलंय. त्या टिपा मी आता आधी वाचतो, तक्ता नंतर.

चौथा कागद म्हणजे इराटा, म्हणजे चिपमधल्या माहीत असलेल्या दोषांची यादी. आयटूसीच्या (दोन तारांवरून चिपांना बोलू देणाऱ्या जोडणीच्या) अ‍ॅनालॉग फिल्टरमुळे बिझी फ्लॅग, म्हणजे जोडणी व्यस्त असल्याची खूण, अडकून बसू शकतो, हे त्यात आहे आणि सोडवायची पायरीवार कृतीही आहे. हे माहीत नसलेला माणूस आपल्याच कोडमध्ये दिवसेंदिवस चूक शोधत राहतो, आणि ते पाहून मला खरंच वाईट वाटतं. आयटूसी वापरणार असाल तर कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी ही यादी उघडा.

आता तुमचं काम: पीए६ वर पीडब्ल्यूएम. डेटाशीटच्या पिन तक्त्यात पीए६ समोर टिम३ (टायमर ३) चा चॅनल १ दिसेल, डेटाशीटचं काम तिथे झालं. मग आरएम०००८ मध्ये प्रकरण ९ मधून पिन अल्टरनेट फंक्शन पुश-पुल करा, म्हणजे ती टायमरच्या ताब्यात जाईल. क्लॉकसाठी प्रकरण ७ घ्या, ८ नको; ते १०५ आणि १०७ चं आहे आणि दिसायला अगदी सारखं आहे. टिम३ एपीबी१ या अंतर्गत बसवर (जोडमार्गावर) आहे आणि पोर्ट ए, म्हणजे पीए६ चा पिनसमूह, एपीबी२ वर, तेव्हा दोन्ही क्लॉक सुरू करा. टायमरसाठी प्रकरण १५. पत्ता हवा असेल तर मेमरी मॅपमधला मूळ पत्ता घेऊन त्यात रजिस्टरचा ऑफसेट (मूळ पत्त्यापासूनचं अंतर) मिळवा. उदाहरणार्थ, पीसी१३ च्या पोर्ट सी चा मूळ पत्ता हेक्समध्ये ४००११०००, त्याच्या सीआरएच या रजिस्टरचा ऑफसेट ०४, म्हणून ४००११००४. एवढं करून लहर दिसली नाही, तर कोड इथे टाका, मी बघतो.