वार, नाळ, अपरा: एकच का?

प्रश्न असा आला आहे: सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'प्लॅसेंटा' लिहिलंय. सासूबाई तिला 'वार' म्हणतात, शेजारीण 'नाळ' म्हणते आणि पुस्तकात 'अपरा' सापडतं. हे सगळं एकच का? आणि आत्ता पोटात आहे तो 'भ्रूण' की 'गर्भ'?

नाळ वेगळी. ती बाळाच्या बेंबीपासून निघालेली दोरी, आत तीन रक्तवाहिन्या. ती ज्या चकतीला जाऊन मिळते ती वार, तीच प्लॅसेंटा आणि तीच अपरा. गोंधळ आपल्याच बोलण्याने वाढवलाय. 'तिथं काय तुझी नाळ पुरलीय?' असं विचारतो खरं, पण खड्ड्यात जायची ती वार, नाळेचा तुकडा तिच्यासोबत. सोमवारातला नि तलवारीचा तो वार. ही मात्र ती वार. गोठ्यात हिलाच 'जार' म्हणतात. 'जरायुज' (अंड्यातून नव्हे, गर्भाशयातून जन्मणारे प्राणी) या शब्दातल्या 'जरायु'शी त्याचं नातं कानाला लगेच कळतं.

'प्लॅसेंटा' म्हणजे लॅटिनमध्ये चपटा केक. रेआल्दो कोलोंबो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५५९ च्या ग्रंथात तो शब्द या अवयवाला लावला. 'अपरा' आयुर्वेदातला, 'अपर' म्हणजे मागचा, नंतरचा. बाळामागून येते ती अपरा. सुईणीच्या जागेवरून नाव चोखच आहे.

पण पोटात क्रम नेमका उलटा. फलित झालेली पेशी विभागत विभागत ५व्या दिवसाच्या सुमारास पोकळ चेंडूसारखी होते. आत पेशींचा छोटा पुंजका, बाहेर पातळ कवच. पुंजक्यातून बाळ घडायचं असतं, कवचातून वार. आठवडाभरात कवचाच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरून मुळं धरू लागतात. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती त्यांनीच सोडलेल्या संप्रेरकामुळे. बाळाचं हृदय हलायला लागतं ते २२व्या दिवसाच्या आसपास. म्हणजे 'नंतरची' म्हणून ओळखली जाणारी अपरा आधी कामाला लागलेली असते. आणि ती एकट्या आईची नव्हे. आईकडून येतं ते अस्तर; बाकीची वार बाळाच्याच पेशींची. दोघांचं रक्त शेजारून वाहतं, मिसळत नाही. मला तरी 'वार' हाच शब्द आवडतो: छोटा, घरचा, आणि आधी-नंतरच्या भानगडीत न पडणारा.

आता भ्रूण की गर्भ. जीवशास्त्राच्या मराठीत फलनापासून ८ आठवडे भ्रूण, पुढे गर्भ. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून फाइलवर ती सीमा १० आठवड्यांवर येते. तुमच्या रिपोर्टातला आकडा त्याच्या अलीकडे असेल तर भ्रूण म्हणा. घरी बोलताना 'गर्भ' दोन्हीकडे चालतो, त्यात चूक काही नाही. गंमत उलट्या बाजूला आहे: सोनोग्राफीने लिंगनिदान होतं तेव्हा भ्रूणावस्था केव्हाच सरलेली असते, तरी 'स्त्रीभ्रूणहत्या' हाच शब्द रुळला. तो आता बदलणार नाही, आणि बदलावा असा माझा आग्रहही नाही.